अठरा लंगोट, दोन घरे: हाताने शिवलेल्या कापडी लंगोटांचे एक प्रकरण

मुंबईत बाळासाठी घरी कापडी लंगोट शिवायचे ठरले की बहुतेक जणी कापड किती मऊ आहे आणि ते किती ओल धरते एवढेच पाहतात. गेली बावीस वर्षे परळमध्ये शिवणक्लास घेताना मीही तेच पाहत आले होते. पुढे दिलेल्या प्रकरणानंतर माझा प्रश्नांचा क्रम बदलला. लंगोट बेतायला येणाऱ्या मुलीला आता मी प्रथम विचारते की कपडे वाळत कुठे घालणार आणि धुण्याचे पाणी कोणते. एकाच बाळासाठी त्याच हातांनी शिवलेले लंगोट एका घरी पावसाळ्यात वाळत नव्हते म्हणून निकामी ठरले आणि दुसऱ्या घरी कडकडीत वाळत असूनही निकामी ठरले. त्यामुळे हे प्रकरण नीट नोंदवून ठेवावेसे वाटले.

बाळाची आई पहिल्या बाळंतपणासाठी सातव्या महिन्यात माहेरी, लालबागच्या चाळीत आली. घर दीड खोलीचे, पुढे सामाईक गॅलरी, तिच्या छताला कप्पीने वर ओढायच्या दोन दांड्या आणि नळाला पाणी फक्त पहाटे. बाळाची आजी माझी जुनी विद्यार्थिनी. तिच्याकडे पायमशीन होते आणि हात चांगला बसलेला होता. घरात आजीची सासूही होती, म्हणजे बाळाची पणजी. बाळंतविड्यात झबली, टोपरी, दुपटी आणि त्रिकोणी लंगोट असायलाच हवेत, असा तिचा आग्रह होता. बाळाच्या आईला मात्र त्रिकोणी लंगोट नको होते, कारण त्यांची गाठ सुटते, ते एका बाजूने घसरतात आणि आतले सगळे दुपट्यावर येते. तिला पायाशी आणि कमरेशी इलॅस्टिक असलेले, टिचबटणांनी बंद होणारे मापाचे लंगोट हवे होते.

या प्रकारचा लंगोट संपूर्ण कापडाचा असतो. दिसायला तो बाजारातल्या डायपरसारखा असला तरी त्याला जलरोधक थर नसतो. त्याचे सगळे अंग ओल शोषते, इलॅस्टिकमुळे पातळ शी मांडीच्या कडेने बाहेर येत नाही आणि बाहेर जायचे असेल किंवा रात्र असेल तर त्यावर वेगळे जलरोधक कव्हर चढवावे लागते. घरात कव्हर न घालता नुसता लंगोट ठेवला तर हवा खेळती राहते. मुंबईच्या घामट हवेत हा त्याचा मोठा गुण आहे. मात्र त्यासाठी तो ओला होताच बदलणारे माणूस घरात हवे.

मार्चमध्ये आजीने मंगलदास मार्केटातून फलालीन आणि भुलेश्वरमधून सहा मिलिमीटर रुंदीचे इलॅस्टिक, प्लॅस्टिकची टिचबटणे व ती बसवायचा पक्कड आणला. जुन्या टी-शर्टांची होजिअरी आणि दोन टर्किश टॉवेल घरचेच होते. बेत मी काढून दिला: एकूण लांबी ३४ सेंटिमीटर, दोन पायांमधली रुंदी १२ सेंटिमीटर, आणि मांडीच्या २० सेंटिमीटर वळणावर ताणून शिवलेले ११ सेंटिमीटर इलॅस्टिक. पुढच्या बाजूला कमरेशी अर्धचंद्राकृती काप घेतला. नाळेचे देठ पडायला साधारण एक ते तीन आठवडे लागतात आणि तोवर तिथे कापडाची कड घासू नये, हा त्यामागचा हेतू होता. सगळे कापड शिवण्याआधी पाच-सहा वेळा गरम पाण्यात धुऊन घेतले, कारण कोऱ्या सुती धाग्यावर नैसर्गिक मेण असते आणि ते निघेपर्यंत कापड पाणी पीत नाही. शिवाय सुताचे आटणे आधीच होऊन जाते.

आणि मग आमची चूक झाली. आमची म्हणते, कारण बेत माझा होता. बाहेर फलालीन, मध्ये फलालीन, आत होजिअरी असे अंगाचे तीन पदर आणि त्यांच्या पोटात टर्किश टॉवेल व फलालीनचे मिळून पाच पदर चारही बाजूंनी शिवून टाकले. मध्यभागी आठ पदर झाले. लंगोट देखणा झाला, हातात भरदार लागायचा, आणि एप्रिलच्या उन्हात सकाळी गॅलरीत घातलेला चार तासांत वाळायचा. आजीने अठरा शिवले. नवजात बाळाला दिवसाला दहा-अकरा लंगोट लागतील, दीड दिवसाचा साठा पुरे, असा हिशेब आम्ही केला. तो एप्रिलच्या उन्हावर बेतलेला होता, हे तेव्हा कुणाच्याही लक्षात आले नाही.

मुलगी मे महिन्याच्या उत्तरार्धात झाली. पहिले तीन आठवडे उत्तम गेले. पहिल्या दोन-तीन दिवसांची काळी, डांबरासारखी चिकट शी पणजीच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यांवर झेलली आणि ते तुकडे टाकून दिले, हे शहाणपणाचे झाले. त्यानंतरची अंगावरच्या दुधाची पिवळी शी साध्या पाण्यात सहज निघते आणि राहिलेला डाग ऊन खाऊन टाकते. पणजीची तक्रार निराळीच होती. एकदा मी गेले असताना ती म्हणाली, "बाई, पायांत एवढं बोचकं कोंबलंय, पोर फेंगडी चालेल." सगळीच तान्ही मुले थोडी फेंगडी असतात आणि दीड-दोन वर्षांत ते पाय आपोआप सरळ होतात. लंगोटाच्या जाडीचा त्याच्याशी संबंध नाही. उलट मांड्या बाजूला उघडलेल्या राहणे खुब्याच्या सांध्याला मानवते आणि दुपट्यात पाय सरळ ताणून घट्ट बांधणे हेच त्या सांध्याला घातक ठरू शकते. मी हे सगळे सांगितले. पणजीने ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवसापासून दुपटे कमरेच्या वरच गुंडाळले, त्यामुळे पटले असावे.

मुंबईत पाऊस सरासरीने ११ जूनच्या आसपास येतो. त्या वर्षी तो फार उशिरा आला नाही. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आजीचा फोन आला. दोरीवर तीस तास राहिलेल्या लंगोटांना कुबट वास येत होता, घरात एकही कोरडा लंगोट नव्हता आणि जावयाला रात्री दहा वाजता डायपरचे पाकीट आणायला धाडले होते.

मी स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन गेले. कोरडा लंगोट ८२ ग्रॅमचा होता. हाताने पिळल्यावर तो १७० ग्रॅम भरला, म्हणजे आपल्या वजनापेक्षा जास्त पाणी त्याने पोटात ठेवले होते. चोवीस तासांनी तो १०४ ग्रॅमवर आला आणि अठ्ठेचाळीस तासांनीही ८८ वर अडला. वरून हात फिरवला तर होजिअरी कोरडी लागायची. ओल लपली होती ती मधल्या पाच पदरांत आणि मांडीशी, जिथे इलॅस्टिकने तीन पदर चुण्या करून एकत्र ओढले होते. त्या चुणीत बोट घातले की गारवा जाणवायचा. अशी अर्धवट वाळलेली घडी पुन्हा उबदार अंगावर चढवणे म्हणजे बुरशीला आमंत्रण. जुलैत तर सांताक्रूझला सरासरी आठशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्यामुळे पुढे परिस्थिती सुधारण्याची आशाही नव्हती.

आजीचा पहिला विचार आणखी दीड डझन शिवण्याचा होता. हिशेबाने ते बरोबरही दिसते: रोज अकरा लंगोट आणि वाळायला दोन दिवस, म्हणजे वापरातले धरून किमान तेहेतीस हवेत. पण दीड खोलीच्या घरात दोन दांड्यांवर बावीस जाड लंगोट कायम लटकत राहिले असते आणि दाटीमुळे प्रत्येकाला आणखी उशीर झाला असता. पणजीचा उपाय टोपलीचा होता. शेगडीवर टोपली उपडी ठेवायची, तिच्यावर लंगोट पसरायचे आणि निखाऱ्यावर ओवा टाकून धुरी द्यायची. तिच्या पिढीने पावसाळ्यात बाळंतिणीचे सगळे कपडे असेच वाळवले होते. बंद खोलीत तान्ह्या बाळाजवळ कोळशाचा धूर नको म्हणून शेगडी रद्द झाली, पण टोपली राहिली. ती उपडी घालून दोन विटांवर उचलली, खाली टेबलफॅन आडवा ठेवला आणि बांबूच्या फटींतून वर येणाऱ्या वाऱ्यावर लंगोट पसरले. आठ पदरांच्या लंगोटाला त्यानेही एक पूर्ण रात्र आणि वर अर्धा दिवस लागला. बेतच बदलायला हवा होता.

नव्या बेताची कल्पना मला पंचामुळे सुचली. साधा सुती पंचा विरळ विणीचा असतो, पाणी पटकन पितो आणि झटकून टाकला की पावसातही वाळतो. सुमारे ७५ सेंटिमीटर रुंद आणि दीड मीटर लांब पंचाचे चार तुकडे केले की प्रत्येक तुकडा ३७ बाय ७५ होतो. तो रुंदीत तीन पदरी आणि लांबीत तीन पदरी दुमडला की साधारण १२ बाय २५ सेंटिमीटरची नऊ पदरी पट्टी मिळते आणि ती लंगोटात नेमकी बसते. अंगावर नऊ पदर, दोरीवर एकच. आठ पंचांचे बत्तीस तुकडे झाले, त्यांच्या कडा दुमडून शिवल्या. लंगोटाचे अंग आता दोनच पदरांचे केले, आत होजिअरी आणि बाहेर पणजीचे विटलेले सुती लुगडे. इलॅस्टिक कापडावर थेट शिवण्याऐवजी नेफ्यात ओवले, म्हणजे चुणीत हवा राहते आणि सैल पडल्यावर नेफ्याचे टोक उसवून ते बदलता येते. असे दहा शिवले. जुन्या अठरांपैकी अकरांची आतली पट्टी तीन बाजूंनी उसवून फक्त मागच्या कडेला जोडलेली ठेवली. धुतल्यावर ती जिभेसारखी बाहेर लोंबते आणि वाळण्याचा वेळ जवळजवळ निम्मा होतो. उसवण्याचे ते काम मात्र शिवण्यापेक्षा कंटाळवाणे होते. बाळाच्या आईने ते बाळ अंगावर पीत असताना एका हाताने थोडे थोडे केले. मी तरी आजवर कुणाला असे उसवताना पाहिलेले नाही.

नवे अंग आणि पंचाचे तुकडे टोपलीवर पाच-सहा तासांत वाळू लागले. अगदीच ओढ झाली तर सुती तुकड्यावरून इस्त्री फिरवता येई. कव्हरांना इस्त्री चालत नाही, कारण त्यांचे पीयूएल, म्हणजे आतून पॉलियुरेथेनचा पापुद्रा चिकटवलेले कापड, उष्णतेने खराब होते. कव्हरे आजीनेच चार शिवली होती आणि त्यांतली दोन पायाशी पाझरत होती. सुबक दिसावे म्हणून तिने कडेला सुती पायपिंग लावले होते. आतल्या ओल्या लंगोटाला ते टेकले की वातीसारखी ओल बाहेर खेचत होते. पायपिंग काढले, कड आत दुमडली, सुती धाग्याऐवजी पॉलिएस्टरचा धागा घेतला आणि पाझर थांबला.

जुलै-ऑगस्ट असा निभावला. तरीही रात्री एक आणि दवाखान्यात किंवा लोकलने जाताना एक, असे बाजारचे डायपर वापरले जात होते. त्याबद्दल कुणी ओशाळण्याचे कारण मला दिसत नाही. वापरलेला डायपर नीट गुंडाळून ओल्या कचऱ्यापासून वेगळा द्यावा, असे घनकचरा व्यवस्थापनाचे नियम सांगतात. आजी तो गुंडाळून वर लाल पेनाने फुली मारायची, कचरा वेगळा करणाऱ्याने तो उघडू नये म्हणून.

गणपतीत लालबागमधून तान्हे मूल घेऊन निघणे अशक्यच, म्हणून विसर्जन झाल्यावर मायलेकी सासरी कांदिवलीला गेल्या. तिथे चौदावा मजला, पश्चिमेची बाल्कनी आणि पुढून उघडणारे धुलाई यंत्र. ऑक्टोबरच्या उन्हात पंचाचे तुकडे दीड तासात पापडासारखे वाळत. सगळ्यांना वाटले की प्रश्न सुटला. दोन-तीन आठवड्यांतच लंगोट गळू लागले. तासाभरात दुपटे भिजायचे आणि लंगोट काढून पाहावा तर पंचाची पट्टी मध्ये जवळजवळ कोरडी. सकाळी लंगोट उघडताच अमोनियाचा वास नाकात जायचा. मग बाळाच्या जांघेत लाली आली. सासूबाईंचे म्हणणे होते की दात येत असावेत. पाचव्या महिन्यात असे काहीही झाले की दातांवरच जाते.

बालरोगतज्ज्ञांनी पाहिले तेव्हा लाली नुसत्या उंचवट्यांवर नव्हती, जांघेच्या घडीतही होती आणि तिच्या कडेला सुटे लाल ठिपके होते. हे बुरशीचे लक्षण. त्यांनी बुरशीनाशक मलम दिले, दिवसातून थोडा वेळ बाळाला लंगोटाविना मोकळे ठेवायला सांगितले आणि लंगोट कसे धुता हे विचारले. पण शी-शूपासून लालीपर्यंतचा नेमका मार्ग काय, हे आईला समजून घ्यायचे होते. तो असा: मूत्रातल्या युरियाचे विघटन शीमधले जिवाणू अमोनियात करतात, त्याने त्वचेची नैसर्गिक आम्लता कमी होते, मग शीमधली पाचके त्वचेला जास्त झोंबतात, आणि भिजून नरम पडलेल्या त्या जागी बुरशी सहज शिरते. म्हणजे कापड ओल आत खेचत नसेल आणि धुतल्यावरही त्यात जुने अंश उरत असतील, तर हे सगळे एकदम घडते.

बाळाच्या आईने एका रविवारी लंगोटांची पिशवी परळला आणली. मी पंचाचा एक तुकडा टेबलावर पसरला आणि बोटाने पाण्याचा थेंब सोडला. थेंब अळवाच्या पानावर राहतो तसा गोल उभा राहिला. मी आणि ती, दोघी वाकून पाहत होतो. पंधरा-वीस सेकंदांनी तो हळूहळू पसरला. जूनमध्ये हाच पंचा थेंब टेकायच्या आत पीत असे.

कांदिवलीचा धुण्याचा रिवाज तिच्याकडून शब्दशः लिहून घेतला. इमारतीत पालिकेचे पाणी फक्त स्वयंपाकघरात, न्हाणीघराला आणि यंत्राला बोअरचे. आधी साबणाच्या वडीने हाताने चोळणे. मग यंत्रात अर्धे झाकण द्रव साबण, कारण बाळाचे कपडे म्हणून साबण कमी. तीस मिनिटांची झटपट धुलाई, पाणी थंड. शेवटी मऊपणासाठी आणि वासासाठी सॉफ्टनर. त्याशिवाय रोजच्या मालिशचे खोबरेल आणि लाली आल्यापासून झिंकचे मलम, दोन्ही थेट कापडाला लागणारे. यातली प्रत्येक गोष्ट बाळाच्या काळजीपोटीच होती. पण बोअरच्या जड पाण्यात वडीच्या साबणाचा न विरघळणारा साका होतो आणि तो धाग्यात बसतो. सॉफ्टनर मऊपणा देतो तोच मुळी धाग्यावर मेणचट थर चढवून. आणि कमी साबण, थंड पाणी, अर्धा तास एवढ्यात ना तेल निघते, ना मूत्राचे अंश. लालबागला ही अडचण आली नव्हती, कारण पालिकेचे तलावांचे पाणी सौम्य असते आणि आजी भरपूर पावडर टाकून, तीन पाण्यांतून खळबळून काढत होती.

हा अंदाज खरा की नाही हे पाहायला पाच तुकड्यांच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचा टाका घातला आणि ते लालबागला पाठवले. आजीने ते नळाच्या पाण्यात नेहमीच्या पावडरीने कढत पाण्यात धुतले. पहिल्या धुण्याला पाणी गढूळ आणि फेसाळ निघाले, साबण टाकण्याच्या आधीच. दुसऱ्या धुण्यानंतर थेंब पुन्हा लगेच जिरू लागला. बोअरचे पाणी बदलणे त्या कुटुंबाच्या हातात नव्हते. बाकी सगळे होते. वडी आणि सॉफ्टनर बंद झाले. जड पाण्याला लागतो तेवढा, म्हणजे पूर्ण मात्रेचा साबण, सुती तुकड्यांना साठ अंशांचे लांब धुणे, कव्हरांना वेगळे चाळीस अंशांचे, आणि दोघांनाही एक जास्तीचे खळबळणे, असे ठरले. मालिश आंघोळीआधीच उरकायची आणि मलम लावले असेल तेव्हा मध्ये जुन्या मलमलीचा चौकोनी तुकडा ठेवायचा, जो वेगळा धुतला जाईल. वापरलेले लंगोट रात्रभर बादलीत भिजत ठेवणेही थांबवले. शी झटकून, एकदा पाण्याखाली धरून ते जाळीच्या टोपलीत सुटे ठेवायचे आणि एक दिवसाआड यंत्र लावायचे. हे काम बाळाच्या वडिलांनी स्वतःकडे घेतले. लालबागला ते रोज पहाटे आजीच्याच वाट्याला होते, आणि कापडी लंगोट स्वस्त पडतात असे म्हणताना तिची ती पहाट हिशेबात धरली जात नाही, हेही नमूद करते.

मलमाने लाली आठवड्याभरात ओसरली आणि गळणे चार-पाच धुण्यांनंतर थांबले. सहाव्या महिन्यात भाताची पेज आणि वरण सुरू झाल्यावर शीचा पोत बदलला, ती आता आधी शौचकूपात झटकावी लागते. मूल रांगू लागल्यावर लुगड्याचे अंग असलेल्या दहांपैकी तीन गुडघ्याच्या ओढीने मांडीशी फाटले. होजिअरी टिकली.

मुलगी आता दहा महिन्यांची आहे. जिभेसारखी पट्टी असलेले अकरा लंगोट तिला कमरेत आखूड पडतात, त्यांना आजीने मागे चार सेंटिमीटरची पट्टी जोडली आहे. दहांपैकी उरलेल्या सातांचे नेफे उसवून नवे इलॅस्टिक ओवले आहे. आणि पहिल्या बेताचे, न उसवलेले आठ पदरी सात लंगोट ऑक्टोबर ते मे रात्रीसाठी वापरायचे, असे ठरले आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात ते धुऊन, दोन दिवस उन्हात घालून, पिशवीत बांधून माळ्यावर टाकले जातील.